फोनवरचं गाऱ्हाणं

आमच्या घरात देवाशी बोलायचं काम आबांचं. बाकी कुणी बोललं तर देव कान झाकून घेतो असं नाही, पण बोलायचा मान घरातल्या वडील पुरुषाचा, आणि बोलायचं तेही रीतीने. मागच्या परड्यात फणसाखाली एक दगड आहे, त्याला आम्ही जागेवाला म्हणतो. घराची, वाटेची, माणसांची राखण तो करतो. देवदिवाळीच्या दिवशी त्याच्यापुढे नारळ ठेवून आबा गाऱ्हाणं घालायचे. म्हणजे देवाला सगळं मोठ्याने सांगायचं, कोण कुठे आहे, कुणाचं काय दुखतंय, काय हवं, काय नको. एकेक वाक्य संपलं की मागे उभ्या असलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. मागे माणसं नसतील तर गाऱ्हाणं होत नाही. एकट्याने केली ती बडबड, असं आबाच म्हणत.

आबा म्हणजे वालावलचे विश्राम मास्तर. नोकरी सगळी कसालच्या शाळेत केली, पण संध्याकाळी एस.टी.ने घरी. मी त्यांची मुलगी, सारिका. लग्न झालं नाही, का झालं नाही ते सांगत बसत नाही, गावाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कुडाळच्या एका शाळेच्या ऑफिसात मी कारकुनी करते. माझा भाऊ हरिश्चंद्रदादा डोंबिवलीला. त्याचा मुलगा यज्ञेश आयर्लंडमध्ये कॉम्प्युटरच्या कंपनीत आणि मुलगी गौरजा बंगळूरला. आई गेल्यापासून घरात आबा आणि मी, आणि दिवसा मी कामावर असले की आबांकडे बघायला शेजारची तुळसा.

गाऱ्हाण्याचा मान पुढच्याला देण्याचीही एक रीत आहे. म्हातारा थकला की तो नारळ पुढच्याच्या हातात देतो, त्याच फणसाखाली, हाताला हात लावून. मग नवा माणूस गाऱ्हाणं घालतो आणि जन्मभर पुढे उभा राहून बोललेला म्हातारा पहिल्यांदा मागे जाऊन ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. शेवटी ज्याने नारळ घेतला त्यानेच तो दगडावर फोडायचा. दुसऱ्या कुणी फोडलेला चालत नाही. आबांना तो नारळ त्यांच्या आजोबांनी दिला होता, कारण आबांचा बाप लवकर गेला. त्या वेळी आबांच्या ओठांवर मिशी नव्हती.

ऐंशी ओलांडल्यावर आबांच्या मनाने एकच गोष्ट धरली. “माका एकदा व्हय म्हाराजा म्हणाक होया,” ते म्हणायचे. “जल्मभर मीच सांगलंय. एकदा आपल्या माणसाच्या मागे उभो रवान म्हणाक होया. मगे काय झाला तरी चलात.”

मी एकदा म्हटलं, “मी सांगतंय. माका सगळा पाठ आसा.”

खोटं नव्हतं ते. लहानपणापासून त्यांच्या मागे उभी राहून ऐकत आले होते, झोपेतून उठवलं असतं तरी सांगितलं असतं. आबा हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. “बायमाणसान नारळ घेवचो नसता गो,” म्हणाले, आणि पेपर उघडला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो आमच्या घरी असा रोज चालायचा.

दादाला त्या मानात रस नव्हता. त्याला गाऱ्हाणं अर्धंही येत नव्हतं, आणि नंतर त्याचं बायपासचं ऑपरेशन झालं, तेव्हा तर त्याला कारण हातातच मिळालं. “यज्ञेशाक द्या आबा,” तो म्हणायचा. “तो तरणो आसा.” म्हणून आबांनी यज्ञेशची वाट बघायला सुरुवात केली.

याच सुमारास गौरजाने आजोबांसाठी फोन पाठवला.

गौरजाबद्दल मला वाईट बोलायचं नाही. ती पोर सोन्यासारखी आहे. आजोबांना काय पाठवावं हे त्या घरात तिला एकटीलाच सुचलं. फोनमध्ये आमच्या सगळ्यांचे फोटो घालून, अक्षरं मोठी करून, आबांनी फक्त तोंडावर बोट ठेवलं की त्या माणसाला फोन लागेल असं काहीतरी तिने करून ठेवलं होतं. यज्ञेशच्या तोंडावर बोट ठेवायचं, यज्ञेशला फोन. आबांना त्याची इतकी गंमत वाटली की पहिले दोन दिवस त्यांनी दादाला नुसतं दाबून दाबून बेजार केलं.

गौरजा रोज संध्याकाळी ऑफिसमधून बाहेर पडली की व्हिडिओ कॉल करायची. आबा दुपारपासून तयार. दाढी करून, धुतलेला सदरा घालून, ओटीवरच्या खुर्चीत. फोन लागला की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, “मी दिसतंय मां?”

“दिसताय आजोबा, मस्त दिसताय.”

“मगे ठीक.”

मग ती त्यांना मालवणी शब्द विचारायची. ते सांगायचे, ती ते शूट करायची, त्याचे छोटे व्हिडिओ करून लोकांना दाखवायची. कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांनी आबांना आवडल्याचं कळवलं. माझ्या शाळेतले एक मास्तर मला म्हणाले, मॅडम, तुमचे वडील फेमस झाले. आबा दोन वर्षांत झाले नव्हते एवढे ताजे झाले, जेवण वाढलं, तुळसाला पुन्हा टोमणे मारायला लागले. हे सगळं मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून फोनला शिव्या घालताना माझी जीभ जरा अडखळते.

त्या वर्षी देवदिवाळीला गौरजा म्हणाली, “आजोबा, आम्ही सगळे कॉलवर येतो. तुम्ही गाऱ्हाणं घाला, आम्ही मागून म्हणू.”

आबांनी मला विचारलं, “चलात?”

मी म्हटलं, “जागेवाल्याकच इचारा.”

चाललं. मी फोन धरून उभी राहिले. आबांनी नारळ ठेवला, डोकं टेकलं आणि सुरुवात केली. “बा देवा म्हाराजा, आज देवदिवाळेच्या दिसाक, सालाबादाप्रमाणा ही लेकरां तुज्या पायाकडे उभी आसत…”

माझं आणि तुळसाचं ‘व्हय म्हाराजा’ लगेच झालं. मग फोनमधून दादाचं आलं, मग वहिनीचं. गौरजाचं जरा वेळाने, आणि यज्ञेशचं आलं तेव्हा आबा पुढच्या वाक्यात होते. आबा थांबले. प्रत्येक वाक्यानंतर ते आयर्लंडहून आवाज येईपर्यंत थांबत राहिले. गाऱ्हाणं एवढं लांबलं की तुळसाच्या चुलीवरचा भात करपला. पण सगळे खूश. दादाचे डोळे भरून आले होते. वहिनी म्हणाली, अगदी तिथे असल्यासारखं वाटलं.

तिथे असल्यासारखं. हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. त्यातला दगाफटका मला नंतर कळला.

कारण त्याआधी माणसं येत होती. कण्हत-कुथत, तिकिटांच्या नावाने बोटं मोडत का होईना, चवथीला तरी यायचीच. कोकणातला माणूस चवथीला घरी आला नाही तर गाव विचारतं, बरो आसा मां? आता पुढच्या चवथीला दादाने कॉलवरून आरती केली. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं होतं, ते खरं होतं. वहिनी दादाला सोडून कशी येणार, तेही खरं. यज्ञेशला सुट्टी नव्हती, गौरजाचं कसलंतरी काम संपवायचं होतं. सगळंच खरं. एकाही माणसाने खोटं कारण दिलं नाही, आणि घरात फळंपानं टांगलेल्या माटवीखाली आम्ही दोघं आणि गणपती.

आबा मोदक खाताना म्हणाले, “इले असते तर बरा झाला असता.” आणि लगेच, “पण दिसले सगळे.”

पुढच्या देवदिवाळीला यज्ञेशने विचारलं की गाऱ्हाणं सकाळी न करता दुपारी करता येईल का, कारण आपली सकाळ म्हणजे त्याच्याकडे पहाट. मी म्हटलं, देवाची वेळ आता ह्याच्या झोपेवर ठरणार. आबा म्हणाले, “देवाक काय गो, तो खंय जाता.” दुपारी करायचं ठरलं. दुपारी यज्ञेशची मीटिंग निघाली. तेव्हा संध्याकाळी केलं, दिवे लागायच्या आधी, घाईघाईने. त्या दिवशी आबांनी फोनकडे तोंड करून यज्ञेशला सरळ विचारलं.

“बाबू, तू कधी येतलंस? नारळ घेवक होयो. माजो आवाज आता बसत चललो.”

“नक्की आजोबा. पुढच्या वर्षी नक्की.”

“व्हय मां?”

“होय आजोबा. प्रॉमिस.”

आबांनी तेव्हापासून वर्ष मोजायला घेतलं नाही, ते एवढे बावळट नव्हते. पण गाऱ्हाण्यात एक वाक्य वाढलं. रोज सकाळी देवाला फुलं घालतानाही ते तेच पुटपुटायचे, बाहेर गेलेल्यांना सांभाळ, आणि एकदा सगळ्यांना एका वेळी दारात आण. मी फुलं गोळा करून द्यायचे. त्या पुटपुटण्यात दादाचं नाव असायचं, वहिनीचं, यज्ञेशचं, गौरजाचं. माझं नसायचं. घरात असलेल्याला देवाने आणायचं कुठून? मला ते पटत होतं आणि टोचतही होतं.

यज्ञेशने खरंच तिकीट काढलं. मला त्याचा फोटोसुद्धा पाठवला, देवदिवाळीच्या चार दिवस आधी पोहोचणार होता. आबांनी परडं साफ करून घेतलं, तुळसाच्या नवऱ्याकडून फणसाखाली चिरे बसवून घेतले, म्हणजे पोराचे पाय चिखलात जायला नकोत. कणकवलीहून नवं धोतर आणायला मला पाठवलं. मग यज्ञेशच्या कंपनीने माणसं कमी करायला सुरुवात केली आणि त्याला आत्ता सुट्टी मागणं बरं दिसेना. त्याने आबांना नाही सांगितलं. गौरजाला सांगितलं, तिने मला, आणि आबांना सांगायचं माझ्या वाट्याला आलं. अशा वेळी बायमाणूस चालतं.

आबा म्हणाले, “नोकरी रव्हाक होयी. बराबर आसा.” नवं धोतर घडीसकट पेटीत गेलं.

गौरजाला फार वाईट वाटलं. तिने मन लावून उपाय शोधला, आणि तो शोधताना तिच्या मनात तिळमात्र पाप नव्हतं. सदऱ्याला लावायचा छोटा माइक पाठवला, फोन उभा करायचं स्टँड पाठवलं. मला कॉलवर सगळं समजावून सांगितलं, उजेड कुठून यायला हवा, फोन किती लांब हवा. “आत्या, आपण आजोबांचं गाऱ्हाणं नीट रेकॉर्ड करून ठेवू. पूर्ण. एकही शब्द न गाळता. म्हणजे यज्ञेशदादा शिकेल त्यावरून. आणि काही झालं तरी ते आपल्याकडे कायम राहील.”

आबांनी नवं धोतर काढून नेसलं. फणसाखाली उभे राहिले. आवाज बसत चालला होता, पण त्या दिवशी देव जाणे कुठून आला. असं गाऱ्हाणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. गावच्या देवांची नावं, पूर्वजांची नावं, खाडीची, वाटेची, गोठ्यात आता नसलेल्या गुरांची. “चुकला-माकला पदरात घी रे म्हाराजा.” मी आणि तुळसा मागून म्हणत होतो. शेवटी ते वाक्य आलंच. “आणि भायर गेलली माजी लेकरां, हरिश्चंद्र, त्येची अस्तुरी, यज्ञेश, गौरजा, सगळ्यांका एकदा एका वक्ताक ह्या दारात हाड रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” आम्ही म्हणालो.

गौरजाने ते बघितलं आणि ती रडली. घरच्या ग्रुपवर टाकलं. हात जोडलेले, हृदयं, फुलं, रांगच लागली. दादाने लिहिलं, अनमोल ठेवा. यज्ञेशने लिहिलं, आता निर्धास्त झालो.

मी ते आबांना वाचून दाखवलं. निर्धास्त या शब्दावर ते थांबले. माइक अजून सदऱ्यालाच होता, तो काढून त्यांनी माझ्या हातात दिला.

“मगे आता त्येंका येवची गरज नाय,” ते म्हणाले.

एवढंच. आणि ते खरंच होतं. मला इतका राग आला की मी त्याच क्षणी गौरजाला फोन लावला आणि नाही नाही ते बोलले. म्हटलं, “तुला कळतंय का काय केलंस ते? माणूस जिवंत आहे आणि तू त्याचा ठेवा करून ठेवलास.”

“आत्या, मी जवळ राहावं म्हणूनच केलं ना गं,” ती म्हणाली. “मला सुट्टी मिळत नाही, यज्ञेशदादाला मिळत नाही. मग काय करायचं होतं मी? काहीच नको करायला होतं का?”

मी फोन ठेवून दिला.

आबांना झटका आला तो श्रावणात, सकाळी देवाला फुलं घालताना. कुडाळला दवाखान्यात नेलं. जीव वाचला, उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. गौरजा धावत आली, एकटी. दिवसभर त्यांचा हात धरून बसायची आणि मध्ये मध्ये दवाखान्याच्या जिन्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन रेंज शोधायची. दादा आणि यज्ञेश फोनवर होते. आबा फोनकडे बघून तोंड हलवायचे. शब्द यायचा नाही, लाळ यायची. ते काय म्हणू बघतात हे मला कळत होतं. मी दिसतंय मां? मी फोनमध्ये सांगायचे, “दिसतोय का विचारतायत.” पलीकडून सगळे एका सुरात, “दिसताय, दिसताय.”

गौरजाची सुट्टी संपली. जाताना उंबऱ्यात बसून ती रडली. “मी मुलगा असते तर नारळ मी घेतला असता, आत्या.” मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मुलगे असलेलेही घेत नव्हते, हे तिला सांगून काय होणार होतं?

देवदिवाळी आली. आबा बोलू शकत नव्हते, आणि घरातल्या कुणाला गाऱ्हाणं येत नव्हतं. म्हणजे मी सोडून. गौरजाने सुचवलं की रेकॉर्डिंग लावू. आबांची चाकाची खुर्ची तुळसाने आणि मी ढकलत फणसाखाली नेली. नारळ त्यांच्या मांडीवर ठेवला. स्टुलावर स्टँड, स्टँडवर फोन, फोनमध्ये चार चौकोन, आणि मध्ये मोठ्या चौकोनात रेकॉर्डिंगमधले आबा, नव्या धोतरात, ताठ उभे.

“बा देवा म्हाराजा…”

खुर्चीतले आबा दचकले. स्वतःचा आवाज ऐकून त्यांचे डोळे मोठे झाले. मग कळलं, आणि ते ऐकत राहिले. पडद्यावरचे आबा वाक्य संपवायचे, चौकोनांतून ‘होय महाराजा’ मागेपुढे यायचं. आणि मी बघितलं, खुर्चीतल्या आबांचे ओठ हलत होते. त्यांनाही म्हणायचं होतं. जन्मभर ज्याची वाट बघितली ते मागे राहून म्हणायची वेळ आली होती, पण पुढे बोलत होते तेही तेच, आणि तोंडातून ‘व’सुद्धा फुटत नव्हता. मी आणि तुळसा ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होतो.

रेकॉर्डिंग संपत आलं तेव्हा आबांनी डाव्या हाताने नारळ उचलला. नारळ माझ्या बाजूला आला. मी पुढे झाले, दोन्ही हात पसरले. मला वाटलं, आता शेवटी देतायत. बायमाणूस काय आणि काय. देऊन टाकतायत.

आबांनी नाही अशी मान हलवली. नारळ माझ्या हातांवरून पुढे नेला आणि स्टुलावर, फोनसमोर ठेवला. मग बोट उचलून पडद्यावर टेकवलं, यज्ञेशच्या तोंडावर. त्यांना शिकवलं होतं तसंच.

तिकडे एकच कल्लोळ. “आजोबांनी नारळ दिला!” गौरजा रडत ओरडली. दादाने डोळे पुसले. यज्ञेश हात जोडून म्हणाला, “घेतला आजोबा. मी घेतला.” त्याचं चित्र मध्येच गोठलं, हात जोडलेल्या अवस्थेत, आणि थोड्या वेळाने नाहीसं झालं. एकेक चौकोन मिटला. ग्रुपवर फुलं यायला लागली.

मी हात खाली घेतले. तुळसा दुसरीकडे बघत होती, भली बाई.

मी आबांना विचारलं, “फोडू?” त्यांनी जोराने नाही अशी मान हलवली. बरोबरच होतं. ज्याने घेतला त्यानेच फोडायचा. तो नारळ मी देवाच्या खोलीत कोनाड्यात ठेवला. रोज मी फुलं घालताना आबांची नजर तिकडे जायची, मग माझ्याकडे. आहे ना? असं विचारायची. मी म्हणायचे, “आसा, आसा.” शिमग्याच्या आधी एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर आबा नव्हते. म्हणजे देह होता.

मग सगळे आले.

दादा आला. डॉक्टर आता प्रवासाला काही म्हणाले नाहीत. वहिनी आली. गौरजा आली. यज्ञेश आला, आयर्लंडहून, त्याला तिकीट मिळालं, सुट्टीही मिळाली. अशा कारणाला कुठलीही कंपनी नाही म्हणत नाही. अग्नी दादाने दिला. घर भरलं. न्हाणीघरापुढे रांग लागायला लागली, ओटीवर चपलांचा ढीग, दुपारी चहाची दोन-दोन आधणं. मी स्वयंपाकघरात उभी राहून हे सगळे आवाज ऐकत होते आणि मला त्या प्रत्येक आवाजाचा संताप येत होता. वरातीमागून घोडं म्हणावं तर ही वरातसुद्धा नव्हती.

तेरावं झालं, सुतक फिटलं. दुसऱ्या दिवशी सगळे निघणार होते. सकाळी यज्ञेश माझ्याकडे आला. डोळे सुजलेले. “आत्या, तो नारळ आहे का अजून?”

“आसा.”

“मला फोडायचाय. मी घेतला होता ना.”

मी कोनाड्यातून काढून दिला. नारळ हलका झाला होता. हलवला तर आत पाणी वाजेना.

सगळे फणसाखाली जमले, आबांनी बसवून घेतलेल्या चिऱ्यांवर. यज्ञेश दगडापुढे उभा राहिला. दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. “मला येत नाही,” तो म्हणाला. “सुरुवातच येत नाही.” कुणी माझ्याकडे बघितलं नाही. मीही पुढे झाले नाही. तेवढा माज आता माझ्यातही आला होता.

गौरजाने फोन काढला. “आजोबांचं लावू?” आणि कुणी काही म्हणायच्या आत लावलंही.

“बा देवा म्हाराजा…”

आबांचा आवाज परड्यात पसरला. सगळ्यांनी मान खाली घातली. “होय महाराजा.” ना कुणाचा आवाज मागे राहिला, ना पुढे गेला. पहिल्यांदाच सगळ्यांचं एकदम झालं. वाक्यामागून वाक्य जात होतं, गावचे देव, पूर्वज, खाडी, गुरं. पुढे काय येणार ते मला पाठ होतं. त्यांना नव्हतं. मी गौरजाच्या हाताकडे हात नेला होता, पण माझ्याने बंद करवलं नाही.

“…हरिश्चंद्र, त्येची अस्तुरी, यज्ञेश, गौरजा, सगळ्यांका एकदा एका वक्ताक ह्या दारात हाड रे म्हाराजा.”

“होय महाराजा,” सगळे म्हणाले. सवयीने म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर त्यांना ऐकू आलं.

दादा मटकन खाली बसला. यज्ञेश नारळ छातीशी धरून तसाच उभा. फोडायचं राहून गेलं. गौरजाला हातातला फोन बंद करायचं सुचलं नाही, आणि ग्रुपवर टाकताना तिने कापून टाकलेला शेवटचा भाग तिच्या फोनमध्ये अजून होता. पडद्यावर आबा दगडाकडचं तोंड वळवून आमच्याकडे फिरले. कपाळावरचा घाम पुसला. थकले होते, पण खुशीत होते.

“मी दिसतंय मां सगळ्यांका?” आबांनी विचारलं.